बांधावरची भाजी कोणाची?

गेल्या पावसाळ्यात आमच्या जिल्ह्यातील एका रानभाजी महोत्सवाला जाण्याचा योग आला. राज्याच्या कृषी खात्याने २०२० पासून ९ ऑगस्टच्या जागतिक आदिवासी दिनाचे निमित्त साधून असे महोत्सव भरविण्याचा उपक्रम चालविला आहे. मांडव होता, फलक होते. प्रत्येक भाजीपुढे तिचे शास्त्रीय नाव आणि औषधी गुण लिहिलेली चिठ्ठी होती. उद्घाटन झाले, भाषणे झाली, छायाचित्रे निघाली. हा कार्यक्रम वाईट होता असे मला मुळीच म्हणावयाचे नाही. ज्या भाजीला गावातील सुस्थित घरांनी कालपर्यंत नाक मुरडले तिला मांडवात मानाची जागा मिळत असेल, तर त्यात आनंदच आहे.

मांडवाच्या एका टोकाला जिंतूरकडच्या डोंगरपट्ट्यातून आलेल्या एक वयस्कर बाई तरोट्याची लहानशी रास पुढे मांडून बसल्या होत्या. मी विचारले, "मावशी, तरोटा तुमच्याच रानातला का?" त्या हसल्या आणि म्हणाल्या, "रानातला कशाचा, सर? रानात आता तण उगवूच देत न्हाईत. धुऱ्यावर बी फवारा मारतेत. हा सडकेच्या कडंचा हाये. चार ठिकाणी हिंडले तवा एवढा भरला." थोड्या वेळाने त्यांनी आणखी एक वाक्य जोडले. "इथं ठेवायला आणला, घरी खायला न्हाई उरला."

त्या दिवशीच्या सगळ्या भाषणांपेक्षा हे एक वाक्य मला अधिक मोलाचे वाटले. भाजीचा सत्कार झाला. परंतु भाजी खुडणारीचे रान तिच्या हातून गेले, आणि त्याची नोंद त्या मांडवात कोणीही घेतली नाही. बांधावरची भाजी कोणाची, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. वस्तुतः तो मजुरीचा, जमिनीचा आणि हक्काचा प्रश्न आहे. तो आपल्या चळवळीतील कार्यकर्त्यांपुढे मांडावा, एवढ्यासाठी हा लेख.

प्रथम या भाज्यांचीच थोडी ओळख करून घेऊ. कारण तरुण कार्यकर्त्यांपैकी अनेकांनी त्यांची नावेही ऐकलेली नसतात. परभणी जिल्हा हा गोदावरी, पूर्णा आणि दुधना या नद्यांच्या खोऱ्यांतील काळ्या मातीचा मुलूख. उत्तरेला जिंतूरचे डोंगर, दक्षिणेला गंगाखेडकडचा बालाघाटाचा माळ, आणि मध्ये सपाट काळे रान. मृगाचा पाऊस पडून आठ-दहा दिवस झाले की बांधावर, गायरानात, वाटेच्या कडेला तरोट्याचे कोवळे रोप तरारून येते. कोकणात यालाच टाकळा म्हणतात. कोवळेपणी ते मेथीसारखे दिसते आणि दिवस मावळला की पाने मिटून घेते. ज्वारी-कापसाच्या ओळींत कुंजर उगवतो. ओलसर जागी घोळ पसरतो आणि त्याच कुळातील बारीक पानांची चिवळ जमिनीलगत अंथरलेली असते. उकिरड्याच्या कडेला तांदुळजा आणि काटेमाठ. कुंपणावर आणि डोंगरउतारावर करटुल्यांचा वेल, ज्याचा कंद जमिनीत टिकून राहतो आणि दर पावसाळ्यात पुन्हा फुटतो. ज्वारीत कोणी न पेरता आलेले शेंदाड. दिवाळीनंतर रब्बीच्या रानात पाथरी जमिनीला चिकटून पसरते, आणि गहू-हरभऱ्यात चाकवत दिसू लागतो. पाथरी नावाचा तालुकाही आमच्याच जिल्ह्यात आहे. पण त्या तालुक्याच्या काळ्या रानातही पाथरीची भाजी आता शोधावी लागते, असे तेथील जुनी माणसे सांगतात.

या भाज्या रांधण्याची रीतही ठरलेली आहे आणि ती गरिबाच्या चुलीला परवडेल अशीच आहे. तरोट्याची फक्त कोवळी पाने घ्यावयाची. फूल आले की तो कडवट आणि उग्र होतो. पाने निवडून, धुऊन वाफवावयाची आणि घट्ट पिळून त्यांतील पाणी काढून टाकावयाचे. मग लोखंडी कढईत करडईच्या तेलात ठेचलेला लसूण, कांदा व हिरवी मिरची परतून त्यात भिजवलेली डाळ आणि ही पाने टाकावयाची. शेवटी घरात असेल तर मूठभर दाण्याचा कूट. घोळ मुळातच आंबटसर. तो तुरीच्या डाळीबरोबर शिजवून, घोटून, वर ज्वारीचे पीठ लावले की चिंचेची गरज राहत नाही. चिवळीत पीठ पेरतात. पाथरी तर रांधावीही लागत नाही. कच्चीच, मीठ-तिखट आणि तेलाच्या थेंबाबरोबर, शेतातच भाकरीशी खावयाची. तिचा किंचित कडवटपणा जिभेला ज्वारीची गोडी सांगतो. या साऱ्या पाकक्रियेत विकत घ्यावयाची वस्तू म्हणजे तेल आणि मीठ. बाकी सगळे रानातून आणि हातच्या कष्टातून येते.

आपल्या सणावारांतही या अन्नाची स्मृती शिल्लक आहे. ऋषिपंचमीला बैलाच्या श्रमाचे काही खावयाचे नाही असा बायकांचा नेम असतो. म्हणून त्या दिवशी परसातल्या आणि रानातल्या, नांगर न लागलेल्या भाज्यांचीच भाजी होते. त्या व्रतामागे स्त्रीच्या विटाळाची जी कल्पना आहे ती आपण टाकूनच दिली पाहिजे. परंतु नांगराच्या आधीही माणूस पृथ्वीवर जेवत होता आणि ते अन्न गोळा करणारी प्रामुख्याने स्त्री होती, ही आठवण त्या दिवसाने जपली आहे, हेही नाकारता येत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ही भाजी कायद्याने कोणाची होती? सातबाऱ्यावर ज्याचे नाव त्याची, असे कोणी म्हणेल. पण गावगाड्याचा व्यवहार तसा नव्हता. खुरपणीला आलेल्या बाईने खुरपता खुरपता कुंजर, घोळ, तांदुळजा ओट्यात टाकावयाचा आणि संध्याकाळी मजुरीबरोबर ती भाजी घरी न्यावयाची, याला कोणी चोरी म्हणत नसे. तसेच हरभऱ्याचे शेंडे खुडण्याचे, आणि कणसे मोडून झाल्यावर सरवा वेचण्याचे. मालकाचे पीक घरी गेले की रानात राहिलेल्या कणसा-बोंडांवर भूमिहीनांचा हक्क असे. हा हक्क कोठे लिहिलेला नव्हता. पण तो न मानणाऱ्या शेतकऱ्याला गाव नावे ठेवीत असे. गावगाड्याचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. त्याच गावगाड्याने दलितांना पाणवठ्यावर येऊ दिले नाही आणि बाईला पुरुषापेक्षा कमी मजुरी दिली. १९७६ साली समान वेतनाचा कायदा झाल्यावरही ती विषमता शेतावरून गेली नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की त्या अन्यायी व्यवस्थेतही सरवा आणि बांधावरची भाजी ही एक फट होती. त्या फटीतून गरिबाच्या ताटात काहीतरी हिरवे पडत असे.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला येथे एक गोष्ट आवर्जून सांगावयाची आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीत रोजगाराची माहिती घेताना प्रत्येक व्यक्तीच्या कामाला एक संकेतांक दिला जातो. केवळ घरकाम करणाऱ्या व्यक्तीला ९२ हा अंक. आणि घरकामाबरोबर घरच्या वापरासाठी भाजी, कंदमुळे, सरपण, वैरण इत्यादी फुकट गोळा करणाऱ्या किंवा शिवणटिपण करणाऱ्या व्यक्तीला ९३ हा अंक. म्हणजे भाजी खुडणारी बाई सरकारी पाहणीला दिसत नाही असे नव्हे. ती दिसते, तिच्यासाठी स्वतंत्र रकाना आहे, आणि तिला तेथे नोंदवून लगेच श्रमशक्तीच्या बाहेर ठेवले जाते. तिने दोन तास हिंडून आणलेली भाजी हे काम नव्हे. तीच भाजी मंडईतून विकत आणली तर मात्र तो व्यवहार होतो. ज्या कामाला हिशेबात काम म्हटले नाही, ते नष्ट झाले तर त्याचे नुकसानही हिशेबात येत नाही. तरोटा नाहीसा झाल्याने राष्ट्रीय उत्पन्न घटले असे कोणतेही कोष्टक सांगणार नाही. उलट तणनाशकाची विक्री आणि बाजारातली भाजीखरेदी वाढल्याने ते वाढलेलेच दिसेल.

गावच्या सामायिक संपत्तीचे गरिबांच्या जीवनातील स्थान मोजून दाखविण्याचे मोठे काम अर्थशास्त्रज्ञ एन. एस. जोधा यांनी केले. १९८६ साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात महाराष्ट्रासह सात राज्यांच्या कोरडवाहू प्रदेशातील एकवीस जिल्ह्यांतली ऐंशीहून अधिक खेडी होती. गायराने, माळ, ओढ्याकाठ, पडीक जागा अशा सामायिक साधनांतून गरीब कुटुंबांच्या उत्पन्नाचा १४ ते २३ टक्के भाग येतो, असे त्यांना आढळले. सधन कुटुंबांच्या बाबतीत हे प्रमाण नगण्य होते. त्यांचा दुसरा निष्कर्ष आपल्याला अधिक अस्वस्थ करणारा आहे. गरिबांना जमीन देण्याच्या नावाखाली ज्या सामायिक जमिनी खासगी झाल्या, त्यांतील मोठा हिस्सा गरीब नसलेल्यांकडेच गेला.

समाजवादी विचाराला हा विषय नवा नाही. १८४२ साली चोवीस वर्षांचा कार्ल मार्क्स कोलोनच्या 'ऱ्हाइनिशे त्साइटुंग' या पत्रात लिहीत होता. ऱ्हाइन प्रांताच्या विधिमंडळात लाकूडचोरीविरुद्ध कायद्याची चर्चा चालू होती. जंगलात गळून पडलेल्या काटक्या वेचणाऱ्या गरिबांनाही चोर ठरविण्याचा जमीनमालकांचा आग्रह होता. मार्क्सने त्या चर्चेवर लेखमाला लिहिली आणि गरिबांच्या रूढ हक्काची बाजू मांडली. रानातली फळे वेचणाऱ्या गरीब मुलांचाही त्याने तेथे उल्लेख केला आहे. ज्या फळांना कोणी विचारीत नव्हते त्यांना बाजार मिळताच मालक जागे झाले आणि मुले चोर ठरली. आर्थिक प्रश्नांकडे आपण प्रथम वळलो ते या वादामुळे, असे त्याने पुढे १८५९ साली स्वतःच नमूद केले आहे. कारखान्यातील कामगाराच्या आधी काटक्या वेचणारी माणसे त्याच्या लेखणीत आली, हे आपण विसरता कामा नये.

ऱ्हाइन प्रांतात कायदा करावा लागला. आमच्या जिल्ह्यात कोणी कायदा केला नाही, कुंपण घातले नाही, कोणावर फिर्याद केली नाही. आमच्याकडे तेच काम औषधाच्या डब्याने केले.

हे कसे घडले ते थोडक्यात असे. माझ्या लहानपणी खरिपात ज्वारी, कापूस, तूर, मूग, उडीद अशी मिश्र पिके असत. १९९० नंतर सोयाबीन आले आणि वाढतच गेले. ते तीन-साडेतीन महिन्यांत रोख पैसा देते. ज्वारीला भाव नाही, पाखरे राखावयाची, कणसे मोडावयाची. शेतकऱ्याने सोयाबीन निवडले यात त्याचा दोष नाही. पण दाट पेरलेल्या सोयाबीनबरोबर तणनाशकही आले. पेरणीनंतर पंधरा-वीस दिवसांनी एक फवारणी केली की कुंजर, घोळ, तांदुळजा पानांनिशी पिवळे पडतात. मग बांधाची पाळी येते. ग्लायफोसेट हे तणनाशक आपल्या देशात चहाचे मळे आणि पिकाबाहेरच्या जागा यांच्यासाठी संमत झालेले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली त्याची गणना 'मानवात बहुधा कर्करोगकारक' अशा वर्गात केली. काही देशांच्या नियंत्रकांना तो निष्कर्ष मान्य नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने, परवानाधारक कीडनियंत्रकांखेरीज अन्य कोणी ते वापरू नये, अशी अधिसूचना काढली. पण माझा मुद्दा केवळ विषाचा नाही. 'पिकाबाहेरची जागा' म्हणजे कोणती? बांध, वाट, ओढ्याचा काठ. कागदावर जी बिनपिकाची जागा, तीच भूमिहीनाची भाजीची जागा. त्याचे पीक तेथेच येत होते.

येथे मला एक कबुली दिली पाहिजे. दुधनेच्या काठी आमची थोडी वडिलोपार्जित जमीन आहे. नोकरीमुळे मी ती बटईने लावली. काही वर्षांपूर्वी बटईदाराने विचारले, "सर, यंदा फवारा मारू का? खुरपणी परवडत नाही." एकरी आठ-दहा बायांचा एक दिवस, आणि तोही एका हंगामात दोनदा, त्यापुढे फवारणीचा खर्च किरकोळ होता. मी हिशेब केला आणि होकार दिला. आयुष्यभर वर्गात श्रमाच्या मूल्यावर व्याख्याने दिलेल्या माणसाला तो होकार देण्यास पाच मिनिटेही लागली नाहीत. त्या श्रावणात गेलो तेव्हा बांध जळल्यासारखा तांबडा झाला होता. वर्षानुवर्षे आमच्याकडे खुरपणीला येणाऱ्या एक काकू वाटेत भेटल्या. त्या रागावल्या नाहीत. "आवंदा तुमच्याकडं काम न्हाई म्हणं," एवढेच म्हणाल्या आणि पुढे गेल्या. त्यांची मजुरी गेली हे मला माहीत होते. मजुरीबरोबर त्यांची संध्याकाळची भाजीही गेली, हे मला त्या तांबड्या बांधापाशी उभा असताना उमगले. एका फवाऱ्याने दोन्ही गोष्टी नेल्या होत्या, आणि हिशेबात मी फक्त माझी बचत लिहिली होती.

या मांडणीवर काही आक्षेप येतील आणि ते विचारात घेतलेच पाहिजेत. पहिला आक्षेप असा की खुरपणी हे काही सुखाचे काम नव्हे. चिखलात दिवसभर उकिडवे बसून पाठ मोडते. तणनाशकाने बाईची त्यातून सुटका केली तर समाजवाद्याने का रडावे? आक्षेप रास्त आहे. कष्ट कमी करणाऱ्या साधनाला आपला विरोध असू शकत नाही. पण कष्ट कमी झाले याचा लाभ कोणाला मिळाला ते पाहावे लागेल. बाईचे कष्ट कमी होऊन तिची मजुरी टिकली असती, तर ती सुटका ठरली असती. येथे कष्टाबरोबर कामच गेले, आणि ती ऊसतोडीच्या टोळीत किंवा शहराच्या बांधकामावर याहून कठीण कष्टांकडे गेली. याला सुटका म्हणत नाहीत, हकालपट्टी म्हणतात.

दुसरा आक्षेप लहान शेतकऱ्याचा. दोन-चार एकरांच्या कोरडवाहू धन्याला खुरपणी परवडत नाही, हे खरे आहे. त्याला खुरपणी परवडत नाही याचे कारण मजुरी जास्त आहे हे नसून त्याच्या मालाला भाव नाही हे आहे. तणनाशकविरोधाचे आंदोलन जर शेतकरी विरुद्ध मजूर असे उभे राहिले, तर दोघेही हरतील आणि डबा विकणारा जिंकेल. म्हणून मागणी अशी हवी की दोघांचाही फायदा एकाच ठिकाणी व्हावा.

तिसरा आक्षेप आपल्याच गोटातून येतो आणि तो मला सर्वांत जवळचा वाटतो. रानभाजी हे गरिबीचे चिन्ह आहे. तिचे कौतुक म्हणजे गरिबीचे कौतुक, असे काही साथी म्हणतात. १९७२ च्या दुष्काळात मी शाळकरी पोर होतो. दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या माणसांना सुकडी मिळे, रेशनला परदेशी लाल मिलो मिळे. जेथे कोठे चार थेंब पडून तरोटा उगवला तेथून आजी तो ओरबाडून आणी आणि तेल नसल्याने नुसत्या मिठात शिजवी. रोज तेच खाऊन आम्हा पोरांना त्याची शिसारी आली होती. म्हणून मी निक्षून सांगतो की रानभाजी हा भाकरीला पर्याय नाही. लोकांना रानात पौष्टिक अन्न मिळते, मग रेशनची गरज काय, असे म्हणणारा कोणी निघाला तर त्याला आपण कडाडून विरोध केला पाहिजे. १९७२ च्या त्याच दुष्काळातून वि. स. पागे यांच्या कल्पनेची रोजगार हमी योजना महाराष्ट्रात उभी राहिली, १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. भुकेला उत्तर कामाच्या हक्काने द्यावयाचे असते, तरोट्याने नव्हे.

परंतु नाइलाजाने खाल्लेली भाजी आणि हक्काने खाल्लेली भाजी यांत फरक आहे. आजीजवळ ज्वारी आणि तेल असते तर तोच तरोटा आम्ही मागून घेतला असता. भाकरीच्या जोडीला काहीतरी हिरवे असणे ही चैन नव्हे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४.२ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. आधीच्या २०१५-१६ च्या पाहणीत हे प्रमाण ४८ टक्के होते. याचे खापर एकट्या रानभाजीच्या अभावावर फोडणे अशास्त्रीय होईल, आणि केवळ पालेभाजीने रक्तक्षय बरा होतो असेही नाही. पण जिच्या ताटातली फुकटची हिरवी भाजी गेली आणि मंडईतली परवडत नाही, त्या बाईचे ताट आज सुधारले आहे असे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये.

आता महोत्सवाकडे आणि बाजाराकडे पुन्हा वळू. रानभाजी विकली जाऊन गरीब बाईला चार पैसे मिळाले तर चांगलेच आहे. पण बाजाराचे दात ओळखूनच त्याच्या तोंडात हात घालावा. सह्याद्रीच्या पट्ट्यात कांद्याच्या पातीसारखी दिसणारी फोडशी किंवा कुलू नावाची भाजी पहिल्या पावसात उगवते. पाने खुडून खाल्ली तर तिचे काही बिघडत नाही. पण तिच्याच कुळातील सफेद मुसळीच्या मुळांना औषधी बाजारात भाव आला आणि मुळे खणून खणून ती अनेक रानांतून विरळ झाली. गरिबाने पान खाल्ले, व्यापाऱ्याने मूळ नेले. उत्तर अमेरिकेतील रानटी लसणीची हकिगतही अशीच आहे. तेथील जंगलांत वसंत ऋतूत उगवणारी ही भाजी गावकरी पिढ्यान्‌पिढ्या खात आले. शहरी खाणावळींतून मागणी वाढली, कंदासकट उपटणे सुरू झाले, आणि बीपासून फुलापर्यंत यावयास कित्येक वर्षे घेणारी ती वनस्पती ओसरू लागली. १९९५ साली कॅनडातील क्यूबेक प्रांताने तिची व्यापारी विक्रीच बंद केली आणि माणशी पन्नास कंद एवढे, स्वतःच्या खाण्यापुरते, खणण्याची मुभा ठेवली. आधी खाणाऱ्याचा हक्क, मग विकणाऱ्याचा, हा क्रम त्या कायद्याने लावला. आमचा तरोटा वर्षायू आहे, तो बियांनी मुबलक पसरतो. खुडण्याने तो संपणार नाही. त्याला धोका आहे तो फवाऱ्याचा. रोग वेगळा असला तरी क्रम तोच लागू पडतो. महोत्सवात ठेवण्यासाठी आणलेली भाजी जर आणणारीच्या घरी उरत नसेल, तर क्रम उलटा लागला आहे.

मग करावयाचे काय? केवळ हळहळ हा आपला कार्यक्रम असू शकत नाही. पहिली गोष्ट ग्रामसभेची. गावाच्या मालकीच्या जागेवर, म्हणजे वाटा, ओढ्याचे काठ, शाळेचे आवार, गायरान यांवर तणनाशक फवारले जाणार नाही, असा ठराव ग्रामसभेत आणता येतो. त्याला निधी लागत नाही. लागतात ती हात वर करणारी माणसे, आणि त्यांत बायका बहुसंख्येने असाव्यात. दुसरी गोष्ट, खासगी बांधाबाबत शेतकऱ्यांशी बोलून निदान बांध तरी फवाऱ्यातून वगळण्याचा आग्रह धरावा, आणि शेत फवारले असेल तर तेथे लाल फडके बांधण्याचा रिवाज पाडावा. आज कित्येक बायांना कोणते रान फवारलेले आहे हे कळत नाही. भाजी म्हणून त्या विष घरी नेण्याचा धोका आहे.

तिसरी गोष्ट मजुरीची. लहान व सीमान्त शेतकऱ्यांच्या रानातील खुरपणीची मजुरी रोजगार हमीच्या निधीतून देण्याची मागणी आपण करावी. असे झाले तर शेतकऱ्याचा खर्च वाचेल, बाईचे काम टिकेल आणि डब्याची गरज कमी होईल. जोडीला ज्वारीची हमीभावाने नियमित खरेदी आणि रेशनवर तिचे वाटप ही मागणीही हवी, कारण कुंजर आणि शेंदाड ज्वारीच्या रानातच परत येतील. चौथी गोष्ट गणनेची. ९३ या अंकाखाली गाडलेल्या बाईला कामगार म्हणून मोजा, ही मागणी आपल्या महिला आघाडीने उचलावी. आणि पाचवी, अंगणवाडीच्या व शाळेच्या आहारात स्थानिक बचत गटांकडून घेतलेली हंगामी रानभाजी असावी. म्हणजे विक्री झालीच तर ती गावातल्या पोरांच्या ताटापर्यंत होईल.

गायरानाबद्दल एक खुलासा आवश्यक आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०११ च्या निकालानंतर राज्य शासनाने त्याच वर्षी गायरानावरील अतिक्रमणांबाबत कडक धोरण जाहीर केले. मराठवाड्यात गायराने कसून पोट भरणारे पुष्कळसे दलित आणि भटके भूमिहीन आहेत. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखालील १९५९ आणि १९६४-६५ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहांचा वारसा त्यांच्यामागे आहे. भाजीसाठी गायरान मोकळे करा असे म्हणून त्यांना उठविण्याला आपला पाठिंबा कधीही असणार नाही. भाजी खुडणारी आणि गायरान कसणारा ही बहुधा एकाच घरातली माणसे असतात. आपली मागणी अशी की कसणाऱ्याला पट्टा द्या आणि जे गायरान अद्याप मोकळे आहे ते कंपन्यांच्या प्रकल्पांना न देता गावाकडे राखा.

आणखी एक व्यवहारी सूचना. उत्साहाच्या भरात अनोळखी पाला खाऊ नये. रानकांदा कांद्यासारखा दिसतो म्हणून तो कांदा नव्हे. तो विषारी आहे. तरोट्याच्या नात्यातील सगळ्याच झाडांची बी पोटात घालण्याजोगी नसते. कोणती भाजी, कोणत्या महिन्यात, किती कोवळी आणि किती पाणी टाकून, हे ज्ञान पुस्तकात नाही. ते खुरपे चालविणाऱ्या बायांकडे आहे. आपल्या अभ्यास शिबिरांत वक्ते म्हणून आजवर माझ्यासारखे प्राध्यापक आले. पुढच्या शिबिरात एक सकाळ बांधावर घ्यावी आणि त्या बायांना शिकवू द्यावे. आपण वही घेऊन मागे चालावे.

आमच्या शेतापुरते मी एवढे केले की बटईदाराशी बसून खुरपणीचा अर्धा खर्च माझ्या हिश्श्यातून द्यावयाचे ठरविले आणि बांधावर फवारा बंद केला. यात थोरवी काही नाही; जे मीच नेले होते त्यातले थोडे परत दिले. पहिल्या पावसाळ्यात बांधावर गवताखेरीज फारसे काही आले नाही. दुसऱ्या वर्षी आषाढात ठिकठिकाणी तरोटा दिसला. मी काकूंना निरोप पाठविला. त्या आल्या, ओटा भरेपर्यंत त्यांनी खुडला आणि जाताना त्यातला मूठभर माझ्या हातावर ठेवला. म्हणाल्या, "घ्या सर, घरी न्या. तुमच्याच रानातला हाये." मी म्हणालो, "नाही काकू, तुमच्याच हक्काचा आहे." त्यावर त्या काही बोलल्या नाहीत. हे वाक्य एका प्राध्यापकाने एका बांधावर म्हणून भागणार नाही. ते गावाने, ग्रामसभेने आणि कायद्याने म्हणावयास हवे, आणि ते म्हणावयास लावणे हे आपले काम आहे.